मी बेस नक्की किती वाजवतो?

ताई, मी 29 वर्षांचा, मुलुंडला राहतो, फोर्टात बँकेत नोकरी. पाचेक वर्षं बेस गिटार वाजवतोय, बरंचसं व्हिडिओ बघून शिकलो. ऑफिसच्या कार्यक्रमात लोक ‘भारी!’ म्हणतात. बेसिस्ट मोहिनी डेला वाजवताना पाहिलं की वाटतं, आपली गिटार विकून टाकावी. बायको म्हणते, “तू काय वाजवतोस ते ऐकूच येत नाही.” ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्राला गणपतीसाठी बेसिस्ट हवाय, रविवारी बोलावलंय. त्यांच्या फॉर्मवर विचारलंय: बिगिनर, इंटरमीडिएट की ॲडव्हान्स्ड? तेवढाच रकाना रिकामा आहे. स्वतःला न फसवता काय लिहू?
– रकान्यात अडकलेला

अरे, तुझं पत्र मी इथे कापून छापलंय. मूळ पत्रात स्लॅपवर, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवण्यावर, एक अख्खा परिच्छेद आहे, बोटांच्या वेगावर दोन. ड्रमरचं नाव एकदाही नाही! निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं.

मी काही वर्षं ऑर्केस्ट्रात गायलेय. मागचा बेसिस्ट किती जलद वाजवतो याच्याशी गाणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. अंतरा संपवून मुखड्यावर येताना पायाखाली जमीन आहे ना, एवढंच हवं असतं. मोहिनी डे मुंबईचीच, अगदी लहानपणी वडिलांकडे शिकायला लागलेली. तिच्याकडे बघून तू स्वतःला शून्य मार्क देतोस आणि ऑफिसातल्या टाळ्यांवर शंभर. दोन्ही मापं तुझ्या कामाची नाहीत. 1960च्या दशकात मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांना बेस देणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. रेकॉर्डवर वर्षानुवर्षं त्याचं नाव नसायचं, आणि लोक नाचायचे त्याच्याच बेसवर.

तेव्हा आधी स्वतःला रेकॉर्ड कर. एकट्याने नव्हे, ड्रमरबरोबर. फोन चालेल, पण ऐकताना हेडफोन लाव. बेसची सर्वांत जाड, मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, फोनचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. त्याच रात्री ऐकू नकोस. तेव्हा कान नाही, मन ऐकतं. दोन दिवस जाऊ देत आणि मग ऐक: तुझा सूर ड्रमरच्या किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर पडतोय, की किंचित आधी? घरी एकट्याने शिकलेल्यांचा हात बहुधा पुढे पळतो, विशेषतः फिल, म्हणजे ओळींमधली छोटी भरणी, घेतल्यावर. आणि सूर संपतोय कुठे? ई तारेवरून ए तारेवर गेलास की ई गप्प होते का, की मागे घुमत राहते? सूर वाजवायला सगळेच शिकतात. तो वेळेवर बंद करणारा हात मी फार थोड्यांचा पाहिला.

मग मेट्रोनोम, ठरल्या लयीत क्लिक देणारं यंत्र. गाणं मिनिटाला 80 मात्रांच्या लयीचं असेल तर क्लिक 40वर ठेव आणि ती दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतेय असं धर. चार मिनिटं साधी रूट नोट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, वाजव, एकही फिल नाही. कंटाळा येईल, हात शिवशिवतील. क्लिक मध्येच पहिल्या मात्रेवर सरकली, तर लय अजून तुझ्या अंगात नाही, तू ती बाहेरून उसनी घेतोयस. हे कळल्यावर वाईट वाटेल, वाटू दे. यावर रियाज आहे.

ऑर्केस्ट्रात आणखी एक गंमत होते, ती व्हिडिओत शिकवत नाहीत. पांढरी चारमध्ये बसवलेलं गाणं, आणि गायिका ऐनवेळी म्हणते, “घसा बसलाय, काळी दोन घ्या.” म्हणजे एफवरून डी शार्प. तुझ्या चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर ई. डी शार्प त्याच्याही खाली, म्हणजे तो वरच्या सप्तकातला घ्यायचा आणि सगळी चाल त्याभोवती तिथल्या तिथे फिरवायची. पाठ असलेलं एक गाणं घे आणि असं उतरवून बघ. बोटांना पाठ आहे की कानाला, ते पहिल्या ओळीतच समजेल.

आता रकाना. तिन्ही शब्द सोड. त्याच्या जागी लिही: ‘इतकी गाणी पक्की, कॉर्ड चार्टवरून वाजवतो, नोटेशन वाचता येत नाही, पट्टी बदलायला दहा मिनिटं लागतात, स्लॅप कच्चा.’ जे खरं असेल तेच. ऑर्केस्ट्रावाल्यांना ‘इंटरमीडिएट’मधून काही कळत नाही, यातून सगळं कळतं. तू आणलेल्या खोट्या ‘ॲडव्हान्स्ड’चा निकाल ते दुसऱ्या गाण्याला लावतील. उगाच ‘बिगिनर’ लिहून नम्रपणा दाखवलास तर बोलावणारच नाहीत. तोही खोटेपणाच, फक्त सभ्य दिसणारा.

बायकोचं म्हणशील, तर रात्री ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक बेस वाजवलास तर शेजारच्या खोलीत काय ऐकू येणार? एकदा ॲम्प लाव, तिच्या आवडीचं गाणं चालू कर, त्यावर वाजव आणि मध्येच न सांगता थांब. तिने मान वर करून “काय झालं?” विचारलं, तर ऑफिसातल्या सगळ्या ‘भारी’पेक्षा त्याचं वजन जास्त. नाही विचारलं, तर चहा कर आणि पुन्हा क्लिक लाव.

पण रविवारी जा, काहीही झालं तरी. आणि उभा राहशील तो ड्रमरच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या बाजूला राहा, त्याचा पाय दिसेल असा.