सामाजिक संस्थेत व्यवस्थापनाची वाट

प्रश्न : मी एम.कॉम. असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत खरेदी व भांडार विभाग पाहतो. सामाजिक संस्थेत व्यवस्थापनाचे काम करण्यासाठी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करावेच लागेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ती पदवी प्रत्यक्ष लोकांमध्ये काम करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठी मदतीचा ओघ सुरू असताना कोणते साहित्य कोठून आले आणि कोणाला दिले, याची चोख नोंद ठेवणाऱ्या माणसाचे मोल आपल्याकडे सर्वांनाच कळले असेल. आपला भांडाराचा अनुभव नेमका तेथे उपयोगी आहे.

मात्र संस्थेतील पैशाचा स्वभाव वेगळा असतो. देणगीदाराने एका कामासाठी दिलेली रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही, आणि परकीय देणगीतून प्रशासकीय खर्च परकीय देणगी नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. त्यामुळे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील हिशेबतपासणी व बदल अर्ज (विश्वस्त किंवा मालमत्ता यांतील बदल नोंदवण्याचा अर्ज), आयकरातील १२ए व ८०जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी (पहिली संस्थेला, दुसरी देणगीदाराला करसवलत देणारी), आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील सीएसआर निधीचे (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यावयाच्या पैशाचे) अहवाल एवढे तरी आधी शिकून घ्यावे. नोकरी सोडण्यापूर्वी एखाद्या लहान संस्थेचे वर्षअखेरीचे हिशेब सुटीच्या दिवशी लावून द्यावेत. पगार बहुधा कमी मिळेल, आणि तो किती काळाच्या निधीतून दिला जाणार आहे, हे मुलाखतीतच निःसंकोच विचारावे.