पोलंडचे अमूर्त चित्रकार व्वादिस्वाफ स्त्शेमिन्स्की यांची कारकीर्द थोडक्यात कोणी सांगेल का?

जन्म 1893, मिन्स्क. पहिल्या महायुद्धात ते रशियन सैन्यात होते आणि 1916 साली स्फोटात एक हात व एक पाय गेला. चित्रकला त्यानंतर सुरू झाली, हे मला फार मोठं वाटतं. मॉस्कोत शिकले, रशियन अमूर्त चित्रकार मालेविचच्या वर्तुळात वावरले आणि 1920 नंतर पोलंडला आले.

त्यांचा विचार म्हणजे 'युनिझम'. चित्रात केंद्र नको, उठाव नको, रंगांची झुंज नको. कॅनव्हासचा प्रत्येक भाग सारख्याच मोलाचा. त्या चित्रांवर जवळजवळ एकाच रंगाच्या जाड, बारीक लाटा दिसतात, नुकत्याच नांगरलेल्या रानासारख्या. नजर कुठेही अडकत नाही.

दुसरं मोठं काम संग्रहाचं. त्यांनी आणि मित्रांनी लेजे, आर्प, श्विटर्स अशा आधुनिक कलाकारांकडून चित्रं भेट म्हणून मिळवली आणि 1931 मध्ये पोलंडमधल्या वूच (नकाशात लोड्झ) शहरातल्या संग्रहालयात ती लोकांसाठी मांडली. आधुनिक कलेचा इतका जुना सार्वजनिक संग्रह युरोपात क्वचितच सापडेल.

पत्नी कातारझिना कोब्रो मोठ्या शिल्पकार. युद्ध संपतानाच्या थंडीत मुलीसाठी चूल पेटवायला त्यांना स्वतःची लाकडी शिल्पं जाळावी लागली. हे वाचून मी बराच वेळ सुन्न होतो.

1948 मध्ये स्त्शेमिन्स्कींनी त्याच संग्रहालयात लाल, पिवळ्या, निळ्या भिंतींचं दालन रचलं. समाजवादी वास्तववाद, म्हणजे कम्युनिस्ट सरकारने लादलेली कलाशैली, त्यांना मान्य नव्हता, म्हणून 1950 मध्ये अध्यापनाची नोकरी गेली आणि ते दालनही पुसलं गेलं. क्षयाने 1952 च्या डिसेंबरात ते गेले. दालन 1960 मध्ये पुन्हा उभं राहिलं.