तडजोड ‘शोधता’ येते का?

मडगावच्या एका अनुवादकाचा प्रश्न आहे. पोर्तुगालच्या गर्भपात कायद्यावरील लेखात त्यांनी ‘गर्भपातावर राजकीय तडजोड शोधणे’ असे लिहिले आणि ते त्यांनाच खटकले. मग समेट म्हणावे, तोडगा की मध्यममार्ग? आणि मूळ कृतीला गर्भपात म्हणावे की भ्रूणहत्या?

खटकते ते ‘शोधणे’. तडजोड होते, करतात, घडवून आणतात. शोधतात तो मार्ग. शिवाय ती ‘गर्भपातावर’ नव्हे, ‘गर्भपाताच्या कायद्याबाबत’ होते. नाम मात्र तडजोड हेच ठेवा. समेट झाला की मनेही जुळतात. इथे दोघांची मते जागच्या जागी राहतात. तोडगा म्हणजे मुळात बाधा उतरवण्याचा उपाय, तो लागू पडला की दुखणे संपले. तडजोडीत दोघांनी काही सोडलेले असते, आणि पोर्तुगालात तेच झाले. २००७ च्या सार्वमतानंतरच्या कायद्याने १० आठवड्यांपर्यंत स्त्रीच्या इच्छेनुसार गर्भपाताला वाट दिली, पण पहिल्या भेटीनंतर विचाराला किमान ३ दिवस ठेवले आणि मनाला न पटणाऱ्या डॉक्टरला नकाराची सूटही दिली. ‘मध्यममार्ग’ कानाला बरा, पण कोणी काय सोडले ते तो सांगत नाही.

तिथल्या दंडसंहितेच्या १४२ व्या कलमाचे शीर्षक अनुवादायचे तर ‘शिक्षापात्र नसलेली गर्भसमाप्ती’ म्हणा. ‘समाप्ती’च्या जागी मुळात जो पोर्तुगीज शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘खंड’ होतो, पण तो नको. खंड पडलेले काम पुन्हा सुरू होऊ शकते. ‘हक्क’ हा शब्दही जपून वापरा. आपला १९७१ चा वैद्यकीय गर्भसमाप्ती कायदाही तडजोडच आहे: गर्भपात घडवून आणणे भारतीय दंडसंहितेत गुन्हा राहिला (आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ८८ वे कलम), आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावरून त्यातून सूट मिळाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, तर पुढे २४ पर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे. अशा ठिकाणी ‘मुभा’ किंवा ‘परवानगी’ नेमके बसते.

आता भ्रूणहत्या. शब्दातच ‘हत्या’ आहे, म्हणजे वाद सुरू होण्याआधीच निकाल लागला. एखाद्या पक्षाने तो वापरला असेल तर अवतरणात तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात नको. गोव्यात हा मजकूर वेगवेगळ्या श्रद्धांच्या घरांत वाचला जाणार. अनुवादकाने शब्दाआडून बाजू घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. स्त्रीभ्रूणहत्या हा विषय तर वेगळाच, त्याचा संबंध लिंगनिवड रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याशी. हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्याने प्रत्येक गर्भपात बेकायदा असतो असा समज पसरतो, आणि त्याचा त्रास अडचणीतल्या बाईला होतो.

गर्भपात हा शब्द निर्दोष आहे, पण क्रियापद सांभाळा. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्यात ‘पात’ असा भेद आहे. दोन्ही आपोआप घडणारे. म्हणून ‘तिचा गर्भपात झाला’ याचा अर्थ आजही दुहेरी निघतो. निर्णयाने झालेला असेल तर ‘तिने गर्भपात करून घेतला’ लिहा, नाहीतर ‘गर्भ आपोआप पडला’.

दोन पक्षांच्या नावांतही असाच सापळा आहे. गर्भपातविरोधकांना ‘जीवनवादी’ म्हटले तर मराठी वाचकाला कला-जीवनाचा जुना साहित्यिक वाद आठवेल. ‘गर्भाच्या जगण्याचा हक्क मानणारे’ आणि ‘स्त्रीच्या निर्णयाचा हक्क मानणारे’ असे लांबच लिहा. इथे ‘हक्क’ चालतो, कारण ती त्यांची भूमिका आहे, कायद्याचे म्हणणे नव्हे.

आठवड्यांचे महिने करू नका. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकल्यापासून नव्हे. त्यातच सुमारे ४ आठवड्यांचा फरक पडतो. २४ आठवडे म्हणजे १६८ दिवस, साडेपाच महिने. ‘सहा महिने’ लिहिले की मर्यादा दोन आठवड्यांनी पुढे सरकते.