शाळेच्या गॅदरिंगला मुलांचा स्वतःचा वाद्यवृंद उभा करायचा तर काय काय लागतं? की ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, गाऊन घेतलेलं बरं?

ट्रॅक नको. आधी हे सांगते, बाकीचं मग.

तुम्ही लिहिलंय की शाळेत एक पेटी आणि तबला आहे, पाचवी ते नववीची चाळीसेक मुलं गायला तयार आहेत, तरी गॅदरिंग कमिटी म्हणते ट्रॅक लावू, सोपं पडेल. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत 24 वर्षं संगीत शिकवलं. हे 'सोपं पडेल' मी ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

जानेवारी 2014. समूहगानात 42 मुलं होती. सप्टेंबरपासून मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला बसवत होतो. पट्टी, म्हणजे सा जिथे धरायचा ती पेटीची स्वरपट्टी, काळी चार. तबल्यावर नववीतला एक मुलगा होता. त्याचा आवाज नुकताच फुटला होता, वरचा सा लागेना म्हणून हिरमुसून मागे मागे उभा राहायचा. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यामुळे हात घरातच तयार झालेला. त्याला तबल्यावर बसवला आणि पोरगं फुललं. चार महिन्यांत एक तालीम चुकवली नाही त्याने.

संध्याकाळी पाचला वर्गात बसून आम्ही तबला पेटीच्या सुरात मिळवला. कार्यक्रम मैदानावर उघड्यावर होता. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, आमचा नंबर लागेपर्यंत नऊ वाजून गेले. जानेवारीत नदीकाठच्या गावात नऊ वाजता दव पडायला लागलेलं असतं. तबल्याच्या तोंडावरची पुडी कातड्याची, ओल धरली की सैलावते. पेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांचे, ते जागचे फारसे हलत नाहीत. त्याने पहिली थाप मारली आणि तबला अर्धा सूर उतरलाय हे दोघांनाही एकदमच कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने हातोडी काढली, आधी वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकले, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, एकेक घर घेत निघाला. घरं सोळा असतात, वेळ लागतोच.

मिनिटभर झालं असेल नसेल, तेवढ्यात स्पीकरमधून गाणं सुरू झालं. आमचंच गाणं, पण कुठल्यातरी स्टुडिओतल्या मुलांच्या आवाजात! कमिटीतल्या एका सरांनी मला न विचारता पेनड्राइव्ह साउंडवाल्याकडे देऊन ठेवला होता आणि त्यांनीच खूण केली होती. ट्रॅकची पट्टी वेगळी. माझी मुलं पहिली ओळ गायली, सूर जुळेना, तशी एकेक करून गप्प झाली. दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवायला लागली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या रांगेत पाचवीतली एक मुलगी होती, ती माझ्याकडे बघत ओठ हलवत होती, बरोबर करतेय ना असं विचारल्यासारखं. तबल्यावरचा मुलगा मान खाली घालून घरं ठोकत राहिला. गाणं संपलं तेव्हा तबला सुरात लागला होता.

टाळ्या भरपूर पडल्या. नंतर सर म्हणाले, "बाई, पालकांना कळलंसुद्धा नाही."

मुलांना कळलं होतं. एका गाण्यासाठी चार महिने दिलेल्या 42 मुलांना कळलं होतं. आणि पालक थांबले असते हो. मैफलीत गायक तानपुरे जुळवत बसतात तेव्हा आपण मुकाट बसतोच की. दोन मिनिटांच्या शांततेची भीती फक्त कमिटीला असते.

'मुलांना झेपत नाही' हेही मला पटत नाही. मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी 1918च्या सुमारास अनाथ मुलांना हाताशी धरून बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. तो मैहर बँड पुढे किती वर्षं वाजत राहिला! वाद्यं नाहीत ही तक्रार त्यापुढे टिकत नाही.

उलट अडचण होते ती परीक्षा देणाऱ्या मुलांची. संगीताची मध्यमा परीक्षा झालेली मुलं माझ्याकडे यायची, राग चोख मांडायची, पण शेजारच्याबरोबर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची म्हटलं की चाचरायची. त्यांना एकट्याने वाजवायची सवय असते, दुसऱ्याचं ऐकायची नसते. त्यांच्या आयांना हे सांगितलं की राग यायचा.

आता तुम्ही विचारलेलं. सुरुवात राष्ट्रगीतापासून करा. 52 सेकंदांचं आहे. परिपाठाला घड्याळ लावून बघा, किती पुढेमागे होतं ते. ती लय बसली की पुढचं सोपं. खरेदीची यादी करत बसू नका. गावातल्या भजनी मंडळाकडे टाळ, पखवाज, कधीकधी जास्तीची पेटीही असते, मागितली की देतात. सुरासाठी मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप पुरतं. पट्टी मुलांच्या गळ्याची धरा, पेटी वाजवणाऱ्याच्या सोयीची नको. आवाज फुटलेल्या मुलांना गाळू नका, त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या नाहीतर वाद्यांवर घ्या. केरवा ताल घेतलात तर मुलं पळतात, लय वाढत जाते. झांजवाला शांत डोक्याचा निवडा, तोच आवरतो. खर्चाचा आकडा गावावर आणि दुकानावर आहे, तो मी सांगत नाही.

हेही सांगायला हवं की ज्या शाळेत शिकवायला कुणीच नाही, तिथे ट्रॅकवर गायलेलं न गाण्यापेक्षा बरं. पण मग त्यात मुलांचे आवाज भरलेले नकोत, नुसती वाद्यं असावीत. नाचाला ट्रॅक असावाच, त्यावर माझं भांडण नाही. आणि त्या रात्री मी दुसरा तबला सुरात मिळवून शालीत गुंडाळून जवळ ठेवायला हवा होता, ती चूक माझी. पुढच्या वर्षीपासून ठेवत गेले. तुम्हीही ठेवा, आणि रंगमंचावर चढण्याआधी पाच मिनिटं मागच्या खोलीत पुन्हा मिळवून घ्या.

साउंडवाल्याला मात्र स्वतः जाऊन भेटा, कमिटीमार्फत निरोप नको. त्याला सांगा, मुलं गात नसली, तबला मिळवत असली, सगळं मैदान गप्प असलं, तरी मी हात वर केल्याशिवाय काही लावायचं नाही.