नक्षलवादी चळवळीतून पुढे लेखक आणि आमदार झालेला कुणी आहे का? असा माणूस खरंच बदलतो का, आणि कधी?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच मनोरंजन ब्यापारी आठवले. मूळचं बारिसालचं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं, नामशूद्र या दलित जातीतलं कुटुंब. फाळणीनंतर पश्चिम बंगालमध्ये आलं, बांकुड्यातल्या निर्वासितांच्या छावणीत राहिलं. शाळा नाहीच. पोरवयापासून चहाच्या टपरीवर कपबश्या विसळायच्या, मिळेल ते काम करायचं. सत्तरच्या दशकात नक्षलवादी चळवळीत ओढले गेले आणि तुरुंगात पोचले.

‘कधी बदलले’ म्हटलं की लोक २०२१ सालाकडे बोट दाखवतात, कारण त्या वर्षी ते तृणमूल काँग्रेसकडून हुगळी जिल्ह्यातल्या बलागढचे आमदार झाले. मला ते पटत नाही. खरी गोष्ट तुरुंगातच घडली. वय चोविशी-पंचविशीचं, अक्षर ओळख शून्य. तिथे एका वयस्कर कैद्याने त्यांना मुळाक्षरं शिकवली. पाटी नव्हती, मग काडीने मातीत गिरवायचं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण सोलापुरात विडी कामगार बायकांचा रात्रीचा वर्ग मी घेतो, कुंभारीच्या बाजूला घरकुलात. वर्गातल्या एका अक्कांचं वय पन्नाशीपुढचं, घरात तेलुगू, बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानं कापणारा हात पेन धरला की ताठ व्हायचा. चार महिन्यांनी त्यांनी स्वतःहून पहिली गोष्ट वाचली ती कारखान्याच्या कार्डावरची ‘छाट’. आपल्या किती विड्या बाद केल्या, ते तोवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या. त्या रात्री अक्का फार चिडल्या होत्या. राग पूर्वीही होताच, पण आता त्यांना आकडा दिसत होता. ब्यापारींचं तसंच झालं असं मला वाटतं. त्यांचा संताप निवला नाही. तो कशावर आहे, हे त्यांना नीट मांडता यायला लागलं.

सुटल्यावर ते कोलकात्यात जादवपूरला सायकलरिक्षा ओढत. गिऱ्हाईक नसलं की सीटखालचं पुस्तक काढून वाचायचे. एका पुस्तकात ‘जिजीविषा’ हा शब्द अडला. रिक्षात बसलेल्या बाई शिक्षिका दिसत होत्या, म्हणून त्यांनाच अर्थ विचारला. जगण्याची इच्छा, त्या म्हणाल्या, आणि हा शब्द तुला कुठे भेटला? बोलता बोलता त्यांनी आपल्या नियतकालिकासाठी लिहायला सांगितलं आणि नाव-पत्ता दिला. त्या प्रसिद्ध बंगाली लेखिका महाश्वेता देवी होत्या, आणि हातातलं पुस्तकही त्यांचंच! ‘वर्तिका’ या त्यांच्या नियतकालिकात १९८१ साली रिक्षावाल्याच्या आयुष्यावरचा तो लेख छापून आला.

यानंतर सुखाचे दिवस आले असं मात्र समजू नका. मधली काही वर्षं छत्तीसगडात शंकर गुहा नियोगींच्या कामगार चळवळीत गेली. मग कोलकात्याला मूकबधिर मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षं स्वयंपाकी होते. लोक साहित्य संमेलनात त्यांना ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा भाताच्या पातेल्यापाशी. २०१२ साली ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मचरित्र आलं, २०१८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद. मी तोच वाचला, शब्दकोश शेजारी ठेवून. गुडघे थकल्यावर, सत्तरीत, २०२० साली त्यांची बदली ग्रंथालयात झाली. ती बातमी वाचताना मला भरून आलं होतं.

आमदारकीबद्दल मला फार सांगावंसं वाटत नाही. प्रचारही त्यांनी रिक्षा चालवत केला, एवढं मनात राहिलं.

रिक्षातला प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा अक्का म्हणाल्या, “तो शब्द फळ्यावर लिहा की.” मी लिहिला. त्यांनी वहीत उतरवून घेतला. ‘जिजी’ एका दमात आलं, ‘वि’ही जमला. पोटफोड्या ‘ष’ मात्र तीनदा खोडला, आणि चौथ्यांदा काढून वही माझ्यापुढे धरली.