विनोदी नाटक नुसतं वाचून हसू येतं का?

तुम्ही विचारलंय, नाटक ही बघायची गोष्ट, मग विनोदी नाटकाचं पुस्तक घेऊन बसण्यात कसली मजा? हसू येतं तरी का?

येतं. पण सगळ्या नाटकांना नाही. बहुतेकांची पहिलीच निवड फसते आणि मग ते नाटकाच्या पुस्तकाला परत हात लावत नाहीत. 'मोरूची मावशी' घ्या. अत्र्यांनी 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून बेतलेलं. त्यात लुगडं नेसलेला बाप्या डोळ्यांना दिसलाच पाहिजे. विजय चव्हाणांची मावशी ज्यांनी पाहिलीय त्यांना ते पुस्तक फिकं वाटणार, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना त्याहून फिकं.

वाचायचं तर देवलांचं 'संशयकल्लोळ' (१९१६) वाचा. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, मर्फीच्या इंग्रजी नाटकातून आपल्याकडे आलेलं, पण कुठे परकं लागत नाही. फाल्गुनरावाला बायकोचा, म्हणजे कृत्तिकेचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरायला धावतो आणि नेमकं तेच कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर तिथेच पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती निरखून बघत असताना फाल्गुनराव हजर. झालं! एका घेरीत चौघांची झोप उडाली.

खरी गंमत अशी की या घोटाळ्यात खोटं कुणीच बोलत नाही. जो तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतो. नाट्यगृहात हे सगळं भर्रकन निघून जातं. पुढे कुणी कुणावर आरोप केला की मी पुस्तकात त्या पानावर बोट ठेवून मागे जातो: याला तेव्हा काय दिसलं होतं, काय दिसलं नव्हतं? वात कुठे पेरली होती हे सापडलं की दुसऱ्यांदा हसू येतं, आणि ते जास्त टिकतं. शिवाय नागपूरच्या देशपांडे सभागृहात हाउसफुल्ल प्रयोगाला एका वाक्यावर हशा पिकला की पुढची दोन वाक्यं त्यात बुडतात. पुस्तकात बुडत नाहीत.

एक सवय मात्र लावून घ्या. दोघांचे संवाद चालू असतात तेव्हा तिसरा आत गेलाय की तिथेच उभा आहे, हे लक्षात ठेवायचं. कंसातल्या सूचना आपण सटासट गाळतो, आणि निम्मा विनोद त्या गप्प उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर असतो. पदं पहिल्या वाचनात खुशाल गाळा. तिथे गाणाऱ्याचा गळा लागतो.

आपल्या नागपुरात १८७१ साली जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ज्यांना नाटककार राम गणेश गडकरी गुरू मानत, त्यांची नाटकं मला तुकड्यातुकड्यांनीच झेपतात. कथानकाचा गुंता असा की कोण कुणाचा कोण हे विसरायला होतं. पण कोट्या! एकीवर दुसरी. रंगमंचावर त्या कानावरून जाणार, कागदावर थांबून चघळता येतात.

आणि पुलंचं 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) तर नागपूरकरानं वाचायलाच हवं. त्यातले काकाजी इंदूरचे, त्यांच्या मराठीत हिंदी मुरलेली. 'काय करून राहिला बे' म्हणणाऱ्या गावाला तो सूर कुणी शिकवावा लागत नाही. त्याच नाटकातल्या आचार्यांचं शुद्ध बोलणं आणि काकाजींचं ऐसपैस बोलणं पाठोपाठ आलं की मला दोन्ही आवाज आमच्या धरमपेठेतल्याच कुणाचे तरी ऐकू येतात. कुणाचे, ते इथे लिहीत नाही, शेजार आहे.

एकट्यानं कंटाळा येत असेल तर मोठ्यानं वाचा, चौघांत. मे महिन्यात दुपारी तसंही कुणी घराबाहेर पडत नाही, कूलरपुढे बसून एक अंक आरामात होतो. आमच्याकडे पुस्तक एकच असतं, ते हातोहात फिरतं, त्यामुळे वाक्यं उशिरा येतात आणि त्यानंच कधीकधी जास्त हसू येतं. भावजींना फाल्गुनराव दिला की ते वाक्य संपल्यावर ताईकडे बघतात, आणि ती कृत्तिकेचं उत्तर पुस्तकात न बघताच देते. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या मात्र घरातल्या सगळ्यात अबोल माणसाला द्या. बर्डीवरच्या वाचनालयात प्रत मिळून जाईल.