इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात जातोय. होस्टेल की रूम, लॅपटॉप घ्यावा का, रूममेटशी कसं वागावं?

होस्टेल की रूम हे घरचं बजेट ठरवेल. होस्टेल मिळालं तर घे, नाहीतर पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं भरून, राहा आणि मेस लाव. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, तेवढी तजवीज ठेव. संपलं. मी लिहायला बसलो ते तू रूममेटचं विचारलंस म्हणून.

एकच सांगतो. आपली ड्रॉइंगची शीट कुणाला देऊ नकोस.

मी २००५ ला बार्शीहून पुण्यात आलो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, तोंडाला फेस यायचा, पण ग्राफिक्समध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये, मी राजा होतो. हेक्झॅगोनल पिरॅमिड, अ‍ॅक्सिस एचपीला (आडव्या प्रतलाला) ३० अंश, असलं काही आलं की बाकीची पोरं रात्रभर डोकं खाजवत बसायची. माझं दोन तासांत तयार. मग काय, सबमिशनच्या आठवड्यात अख्खा मजला माझ्या दारात. खिडकीची काच काढून दोन खुर्च्यांवर ठेवायची, खाली ट्यूबलाइट, काचेवर माझी शीट आणि तिच्यावर यांची कोरी. मारा जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग.

सॉलिड्सची माझी शीट चार जणांच्या हाताखालून गेली. परत आली तेव्हा शिशानं राखाडी पडलेली, एक कोपरा सेलोटेपबरोबर सोलून निघालेला. रूममेट म्हणाला, "ही देणार सरांना? माझ्यावरून जीटी मार की, अर्ध्या तासाचं काम आहे." मला स्वच्छतेचा भारी सोस. मी माझ्याच शीटची जीटी मारली आणि जुनी कॉटखाली ढकलून दिली.

आमच्या सगळ्या शीट्सवर मागची एक कड डॉटेड हवी होती ती अखंड आली होती. चूक माझी, छापली गेली पाच ठिकाणी. सरांनी एक शब्द विचारला नाही. एकेक शीट उचलायची आणि खिडकीकडे धरायची. जीटीच्या शीटवर रेषा असतात, कंपासच्या टोकाचं भोक नसतं, हे तुला कुठलं पुस्तक सांगणार नाही. चार शीट्समधून काहीच दिसलं नाही. पाचवीत षटकोन काढताना जिथं जिथं कंपास टेकला होता तिथून उजेडाचे बारीक ठिपके आले. सर म्हणाले, "हा एकच बसून काढतो." टायटल ब्लॉकमध्ये नाव रूममेटचं.

पठ्ठ्यानं ती कॉटखालून उचलली होती. फाटक्या कोपऱ्याला मागून कागद लावला, खोडरबर फिरवलं, माझं नाव पुसून आपलं घातलं. मी नाव एचबीनं दाबून लिहायचो. शीट तिरकी धरली असती तर त्याच्या नावाखाली माझं उमटलेलं दिसलं असतं. सरांनी उजेडाला धरली, तिरकी नाही धरली. आणि तोंड उघडावं तर शीट वाटल्याचं कबूल करणं आलं. टर्मवर्कला त्याला २५ पैकी २१, मला १३, वर सगळ्या शीट्स पुन्हा काढा.

त्याचं म्हणणं आजही तेच: "तू टाकून दिलीस, मी उचलली." मी टाकून दिली नव्हती, माझ्या कॉटखाली ठेवली होती. कॉटचं भाडं मी भरत होतो. गेल्या दिवाळीत त्याच्या घरी पुन्हा हा विषय निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनंसुद्धा माझीच बाजू घेतली.

तेव्हा शीटच्या मागे पेनानं सही कर. आता बरंचसं ऑटोकॅडवर गेलंय म्हणतात. मग शीटच्या जागी असाइनमेंट धर, कोड धर. फाइल पाठवली की गेली.

आता त्याच्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहितो. एम-वनच्या आदल्या रात्री पहाटे चारपर्यंत त्यानंच मला मॅट्रिक्स शिकवले. ४० ला पासिंग, मला ४१ पडले. केटी राहिली असती, म्हणजे विषय मागे राहिला असता, तर अवघड होतं, कारण आमच्या वेळी पहिल्या वर्षाचा एक विषय जरी लटकला तरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. आमच्या मजल्यावरचे दोघं तसेच वायडी गेले, म्हणजे त्यांचं एक वर्ष बुडालं. म्हणून एम-वन पहिल्या दिवसापासून कर. पण मॅट्रिक्स शिकवले म्हणून शीट त्याची होत नाही.

बाकी किरकोळ. उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच तहसीलमधून काढून आण, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा फॉर्म नेमका त्यावर अडतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनवाल्यांचीही निम्मी ट्यूशन फी सुटते, आळसापायी घालवू नकोस. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घे. सीनियरनं त्रास दिला तर लेखी तक्रार कर, रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ पासून कायदा आहे.

लॅपटॉप पहिल्या सेमला नको, लॅबमध्ये भागतं. कॉम्प्युटर ब्रँच असेल तर घे. आणि घेतलास तर पासवर्ड लाव, रूममेट कितीही चांगला असला तरी.